घरातील बालमंदिर : पहिले काही आठवडे

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक सोडून पिंपळगाव बसवंतकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. अष्टविनायकांपैकी जुन्नर तालुक्यातील ओझर ते हे नव्हे. हे निफाड तालुक्यातील, बाणगंगेच्या काठचे. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना येथे आला आणि ‘ओझर मिग’ असे जोडनाव गावाला चिकटले. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातील पाणी वापर संस्थांच्या कामामुळे सिंचनाच्या अभ्यासकांनाही हे नाव परिचयाचे आहे. एका अंगाला कारखान्याची वसाहत, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा आणि मळ्यांतील वस्त्या, मध्ये बाजारपेठेचे गाव, अशी येथील ठेवण आहे. तीन ते सहा वर्षांच्या बालकाचे काय करावे, हा प्रश्न या तिन्ही ठिकाणी उभा राहतो. मात्र त्याचे रूप प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

वसाहतीतील घर बहुधा लहान कुटुंबाचे. वडिलांची पाळी बदलती, आजी-आजोबा दूरच्या गावी, आणि दारापुढे अंगण नाही. मळ्यात अंगण आहे, माणसेही आहेत. पण गोडी छाटणीपासून द्राक्षतोडीपर्यंत घरातील प्रत्येक हात बागेत गुंतलेला असतो आणि मूल शेडच्या सावलीत स्वतःशीच खेळत राहते. बाजारपेठेत तिसऱ्या वर्षीच मुलाच्या पाठीवर दप्तर चढते आणि बोटांची हाडे पुरती घट्ट होण्यापूर्वी त्याच्याकडून ओळीत अक्षरे गिरवून घेतली जातात. पहिली काही वर्षे मुलाने घरीच, पण नीट पद्धतीने शिकावे, असा विचार अशा परिस्थितीत पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी डॉ. माँटेसोरी यांच्या पद्धतीचे नाव हटकून पुढे येते. विचार चांगला आहे. परंतु त्याचे पहिले सहा-आठ आठवडे नीट पार पडले नाहीत तर तो फसतो. एकदा फसला की ते मूल पुन्हा पाटीच्या घाण्याला जुंपले जाते, नाहीतर मोबाईलच्या पडद्यापुढे बसविले जाते. म्हणून हा आरंभीचा काळ विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

रोमपासून कोसबाडपर्यंत

मारिया माँटेसोरी (१८७०–१९५२) या व्यवसायाने डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून हुंदडणारी, भिंती खराब करणारी मुले सांभाळावीत, एवढाच ते गृह चालविण्यास देणाऱ्यांचा हेतू होता. माँटेसोरीबाईंनी तेथे मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. मुलाला काम हवे असते. एखादी कृती मनाजोगी साधेपर्यंत ते ती पुन्हापुन्हा करते. आणि अशा कामातून उठलेले मूल थकलेले नसून शांत झालेले असते, असे त्यांना आढळून आले. त्यांची सारी साधने आणि सारे सिद्धांत या निरीक्षणावर उभे आहेत. ही पद्धत मुळात श्रीमंतांच्या मुलांसाठी नव्हती, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे, कारण आज तिचे नाव बहुतेक वेळा महागड्या शाळांच्या फलकांवरच दिसते.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या. पुढच्याच वर्षी इटली महायुद्धात उतरल्यामुळे शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले, आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. युद्धामुळे लांबलेल्या या मुक्कामात त्यांच्या हाताखाली अनेक भारतीय शिक्षक तयार झाले.

त्यांच्या आगमनाच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. राजकोटची नोकरी सोडून ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पद्धत आपली झाली, साहित्याची नावे गुजराती-मराठी झाली. तरी बालमंदिरे राहिली शहरांत आणि मध्यमवर्गात. ही खंत ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंच्या शिक्षकी जीवनाची सुरुवात नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागातच झाली होती, ही गोष्ट या जिल्ह्यातील शिक्षकांना अभिमानाची वाटावी.

बोर्डीत प्रथमच असे दिसून आले की, पाड्यावरचे मूल बालवाडीत येत नाही. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचे, गुरांमागे जायचे, ही त्याची कामे ठरलेली. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली भरू लागली. तिचे नाव अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेले तेव्हा गुराख्यांसाठी कुरणशाळाही निघाली. ठरावीक मापाचे परदेशी लाकडी साहित्य तेथे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही भासली नाही. शिंपले, गारगोट्या, पाने, बिया, बांबूचे तुकडे यांनी तेच काम केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

घरी बालशिक्षण सुरू करू पाहणाऱ्या कुटुंबाला या इतिहासाचा उपयोग आहे. साहित्याचा संच विकत आणल्याशिवाय आरंभ होत नाही, ही समजूत ताराबाईंनी फार पूर्वी खोटी ठरविली आहे.

घराची मांडणी

रोममध्ये मुलांसाठी बुटक्या खुर्च्या आणि टेबले मुद्दाम घडवून घ्यावी लागली. मराठी घर मुळातच जमिनीवरचे आहे. पाट, चटई, चौरंग, पोळपाट या वस्तू मुलाच्या उंचीच्याच असतात. या बाबतीत आपल्या घराला पश्चिमेकडून शिकण्याऐवजी स्वतःकडे नीट पाहणे पुरेसे आहे. जेवणाचे टेबल आले म्हणून माळ्यावर गेलेला पाट खाली काढावा, इतकीच सुधारणा पुष्कळ घरांना लागू पडेल.

खोलीचा एक कोपरा मुलाचा ठरवावा. मुलाच्या छातीपेक्षा उंच नसलेली एक फळी तेथे असावी. दोन विटांवर ठेवलेली स्वच्छ फळीही चालते. तिच्यावर एका वेळी सहा ते आठच कामे मांडावीत आणि प्रत्येक काम आपापल्या ताटलीत असावे. पाणी ओतण्यासाठी दोन लहान तांबे, मूग आणि राजमा वेगळे करण्यासाठी तीन वाट्या, घडी घालण्यासाठी चार रुमाल, बटणांची पट्टी, लहान पोळपाट-लाटणे आणि कणकेचा गोळा, झाकणांसह चार-पाच डब्या, ज्यांचे झाकण ज्याच्या त्यालाच बसते. या शेवटच्या कामात मोठे तत्त्व दडलेले आहे. झाकण चुकले तर बसत नाही, म्हणजे मुलाची चूक साधनच दाखवून देते. ‘चुकलास’ असे म्हणावयास मोठ्या माणसाची आवश्यकता राहत नाही. वेगवेगळ्या जाडीचे दट्टे ज्यांत नेमके बसतात ते माँटेसोरींचे लाकडी ठोकळे याच तत्त्वावर आहेत.

काम करण्याची जागा म्हणून लहान चटई किंवा बसकर द्यावे. काम मांडायचे ते त्याच्यावर, आणि कोणी ओलांडायचे नाही ते त्याला. रांगणारे धाकटे भावंड असलेल्या घरात ही मर्यादा फार उपयोगी पडते. भातुकली मात्र वेगळी ठेवावी. भातुकलीत सारे लटके असते आणि त्यातही आनंद आहेच. पण ज्या मुलाला आईबरोबर खरी पोळी लाटायला मिळते, त्याची भातुकलीची ओढ काही दिवस कमी झालेली दिसते. केर काढण्यासाठी आखूड केरसुणी द्यावी आणि जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढावे. सारा केर वर्तुळात आणायचा, एवढे सांगितले की पुरे. केर नेमका कोठे न्यायचा ते डोळ्यांना दिसल्यामुळे तीन वर्षांचे मूलही हे काम तन्मयतेने करते.

मळ्यातील घरांसाठी काही सूचना स्पष्टपणे देणे भाग आहे. औषध फवारणीच्या किंवा संजीवकांच्या रिकाम्या बाटल्या व डबे मुलाच्या पाणी ओतण्याच्या खेळात कधीही येऊ देऊ नयेत, कितीही धुतले तरी नाही. फवारणीचे कपडे मुलाच्या कोपऱ्यापासून दूर असावेत. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा उतार निसरडा असतो आणि त्यातून मोठ्या माणसालाही वर येणे कठीण जाते. कुंपण आणि कुलूप नसेल तर मुलाला अंगणात मोकळे सोडण्याचा विचार आधी बाजूस ठेवावा व कुंपण घालावे. अखंड द्राक्षमणी लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून तो उभा चिरूनच द्यावा. वस्तू तोंडात घालण्याचे वय सरेपर्यंत डाळी, चिंचोके व मणी यांची कामे देऊ नयेत. नंतरही ती नजरेसमोरच व्हावीत.

स्थिरावण्याचा काळ

मांडणी झाली की पालकांची अपेक्षा असते की मूल आता बसून काम करील. तसे होत नाही. पहिल्या दिवशी मूग जमिनीवर सांडतात, तांब्यातील पाणी चटईवर जाते आणि रुमालांची टोपी होते. तिसऱ्या दिवशी मूल त्या कोपऱ्याकडे फिरकतही नाही. आधी शाळेत जाऊन आलेले मूल तर ‘आता काय करू?’ असे दर पाच मिनिटांनी विचारते, कारण दुसऱ्याने सांगितल्यावाचून काम करण्याची त्याची सवय मोडलेली असते. येथे बहुतेक घरे घाबरतात आणि पाटी-पेन्सिल पुढे करतात. वस्तुतः मूल या काळात नव्या व्यवस्थेची पारख करीत असते. कोणी रागावते का, कोणी उचलून ठेवते का, ही वस्तू उद्याही येथेच असते का, याचा ते अंदाज घेते.

या काळात मोठ्यांनी काय करावे, त्यापेक्षा काय टाळावे हे अधिक महत्त्वाचे आहे. काम दाखविताना बोलू नये. हात सावकाश चालवावेत; तांब्या कसा धरला, तोंड कोठे टेकवले, शेवटचा थेंब कसा टिपला, हे मुलाला दिसू द्यावे. मूल एकाच वेळी हाताकडे पाहू आणि शब्द ऐकू शकत नाही. दाखवून झाल्यावर बाजूला व्हावे. पाणी सांडले तर फडके कोठे असते ते दाखवावे. पुसणे हेही एक कामच आहे, शिक्षा नव्हे. एक काम जागेवर ठेवल्याखेरीज दुसरे घ्यायचे नाही, हा एकच नियम पहिल्या पंधरवड्यात धरावा. अनेक नियम एकदम लावणाऱ्या घरात एकही टिकत नाही.

काम चालू असताना शाबासकीही देऊ नये, ही गोष्ट पालकांना विचित्र वाटते. मूल मान खाली घालून दहाव्यांदा डब्यांची झाकणे लावत असते आणि आई कौतुकाने म्हणते, “अगं बाई, किती छान!” मूल वर पाहते, हसते आणि उठते. लागलेली तंद्री मोडलेली असते. माँटेसोरींच्या पद्धतीत त्या तंद्रीइतके मौल्यवान दुसरे काही नाही.

आजीचा प्रश्न याहून नाजूक आहे. नातवाला भरविणे, त्याच्या चपला घालून देणे, यात आजीची माया असते. “थांब बाळा, तुला नाही जमायचं, मी देते,” हे वाक्य दिवसातून वीस वेळा उच्चारले जाते. नव्या पद्धतीचे नाव घेऊन सुनेने सासूला अडवावे, यातून बालशिक्षण तर होत नाहीच, घरातील शांतताही जाते. त्याऐवजी आजीलाच एक काम सोपवावे. निवडणे, पाखडणे, वाती वळणे, मेथीची जुडी मोडणे या कृतींत आजीच्या हाताइतका सावकाश आणि नेमका हात घरात दुसऱ्याचा नसतो. मुलाने शेजारी बसून ते पाहावे आणि मागाहून स्वतः करावे. पद्धतीचे नाव न घेताही आजी उत्तम शिक्षिका ठरते.

वेळ ठरावीक असावी. सकाळचा दीड-दोन तासांचा सलग काळ सर्वांत चांगला. पण पाळीवर जाणाऱ्या घरात किंवा तोडणीच्या दिवसांत तो मिळेलच असे नाही. तेव्हा तासभर घ्यावा, परंतु तो अखंड असावा आणि त्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा, मोठ्यांचादेखील. तोडणीच्या दिवसांत फळी बागेत जाऊ शकत नाही, तरी पाटी भरताना बाजूला काढलेल्या काड्या लांबीप्रमाणे लावणे आणि पाने आकाराप्रमाणे वेगळी करणे ही कामे शेडमध्येही होतात. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे इंद्रियशिक्षणच आहे.

एक वही ठेवावी. तिच्यात मुलाचे गुण किंवा दोष लिहू नयेत. आज कोणते काम घेतले, किती वेळा केले, कोठे अडले आणि स्वतःहून काय केले, एवढ्याच चार ओळी असाव्यात. तीन-चार आठवड्यांनी मागची पाने चाळली म्हणजे जे रोज डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते ते दिसू लागते. चार मिनिटांवर उठणारे मूल वीस मिनिटे बसू लागलेले असते. कोणते काम फळीवरून काढावे आणि कोणते नवे ठेवावे, हेही वहीच सांगते.

अक्षरांची घाई

‘मग लिहायला कधी शिकणार?’ हा प्रश्न शेजारी विचारतात, मामा विचारतो, आणि हळूहळू आईबापही विचारू लागतात. या पद्धतीत लिहिण्याची तयारी पहिल्याच दिवशी सुरू झालेली असते. मूग चिमटीत धरणारी तीन बोटेच पुढे पेन्सिल धरतात. पुसताना डावीकडून उजवीकडे फिरणारा हात ओळीची दिशा शिकतो. त्यानंतर खरखरीत कागदाची अक्षरे येतात. मूल त्यांवरून बोट फिरवते आणि त्याच वेळी अक्षराचा उच्चार करते. डोळा, कान आणि बोट या तिघांनी मिळून अक्षर ओळखायचे असते. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. तिच्यावरही बोटानेच अक्षर काढावे लागे. तेथील छडी वगळली तर ती कल्पना टाकाऊ नव्हती. आजही ताटात बारीक रेती किंवा रवा पसरून धूळपाटी दोन मिनिटांत तयार होते. सुरुवात क-ख-ग या क्रमाने करण्याचा आग्रह नको. ग, म, भ, न अशी वळणाने जवळची अक्षरे आधी घेण्याची रीत मराठी शिक्षकांना ठाऊकच आहे. तीन-चार अक्षरे येताच ‘नग’, ‘मन’ असे शब्द जुळू लागतात.

नवे नाव देताना तीन पायऱ्या घ्याव्यात. प्रथम सांगावे, “हा ग, हा म.” मग विचारावे, “ग कुठे आहे? म मला दे.” आणि शेवटी अक्षरावर बोट ठेवून, “हे काय?” दुसऱ्या पायरीवर मूल चुकले तर तिसरी घेऊ नये. काहीही न बोलता साहित्य उचलावे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करावे. रंग, फळे, अंक, सर्वांना हीच रीत लागू पडते. शिक्षकांनाही पहिलीच्या वर्गात ती वापरून पाहता येईल.

अंगणाची गरज

घरातील शिक्षणाला एक उणीव मात्र आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माँटेसोरी बालगृहात तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात. लहान मोठ्यांचे पाहून शिकते आणि मोठे लहानाला दाखविताना पक्के होते. एकट्या घरात ही सोबत नाही. शिवाय घरी राहिलेले मूल अंगणवाडीच्या नोंदवहीतून नकळत गळते आणि त्याबरोबर त्याचे वजन-उंचीचे मोजमाप, लसीकरणाची आठवण आणि पूरक आहारही सुटतो. तीन वर्षांखालील बालकाला घरपोच आहार मिळतो. तीन ते सहा वयोगटातील बालकाला गरम ताजा आहार केंद्रावर दिला जातो. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाचे नावही अंगणवाडीत असावे आणि महिन्याच्या वजनाला त्याने जावे. पालकांनी हे टाळू नये, आणि सेविकेनेही ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणून नाव खोडू नये.

सोबतीचा उपाय ताराबाईंनी दाखविलेलाच आहे. शेजारच्या चार-पाच घरांची मुले आठवड्यातून दोन-तीन सकाळी एका अंगणात आणावीत आणि आया आळीपाळीने बसाव्यात. वसाहतीत अंगण नसले तरी इमारतीखालची मोकळी जागा असते. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांना यासाठी फारसा खर्च येत नाही. सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि वापरात असलेले स्वच्छतागृह एवढी सोय झाली तरी पुष्कळ होते. अंगणवाडी सेविकेने महिन्यातून एकदा तेथे डोकावले तर घरातील वही आणि शासनाची नोंदवही यांचा मेळ बसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनुसार सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन व शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावयाचे आहे. या वयात शाळेची सक्ती नाही. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम सहा ते चौदा वयोगटाला लागू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ व कृती यांवर भर दिला आहे. तेव्हा घरी शिकलेल्या मुलाला पहिलीत घेताना मुख्याध्यापकांनी त्याची परीक्षा घेण्याचे कारण नाही. प्रवेशासाठी चाळणी लावण्यास हा अधिनियमच मनाई करतो. जन्माचा दाखला व लसीकरणाची नोंद यांबरोबर पालकांनी ती निरीक्षणाची वही वर्गशिक्षकांना दाखवावी. पाणी न सांडता ओतणारे, आपले ताट स्वतः उचलणारे आणि एका जागी अर्धा तास रमणारे मूल वर्गात आले आहे, हे त्यातून त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेनंतर वाजणाऱ्या घंटेची सवय होण्यास मात्र अशा मुलाला काही आठवडे लागतात, आणि तेवढी सवड त्याला द्यावी लागते.